भाताची रात्रपाळी

आमच्या काकांनी सगळी उमर कारखान्यात पाळ्या केल्या. निवृत्त होऊन गावी आले, घरावर स्लॅब टाकला, अंगणात लाद्या बसवल्या, पण डोक्यातला कंपनीचा भोंगा काही बंद झाला नाही. म्हैस आटली की म्हणणार, ब्रेकडाऊन. लग्नात पंगत उठली की म्हणणार, चला, सेकंड शिफ्ट घ्या. अशा माणसाच्या हाती गावाचा विकास सापडला की काय होतं ते मी या डोळ्यांनी पाहिलं आणि त्याची झळ लागली ती माझ्या आत्याला. म्हणून सांगायला बसले आहे. नाहीतर वर्षानुवर्षं चिखलात पाय न घातलेल्या बाईने भातावर बोलू नये, एवढं मला कळतं.

आमचं गाव कोकणात, तळे गावाहून पुढे, मोठा रस्ता सोडून आत. पावसाळ्यात भात लावायचं आणि उरलेलं वर्ष मुंबईहून कोण कधी येतं त्याची वाट बघायची, असा तिथला कार्यक्रम. मी तालुक्याच्या गावी राहते आणि माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आत्या ही माझ्या वडिलांची आणि काकांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला तेव्हा माहेरी आली ती कायमची. माझे वडील आता नाहीत. जुन्या घरात ती एकटी राहते आणि शेजारच्या स्लॅबच्या घरात काका-काकू. गावात शिरताना रस्त्याला लागून जे चौकोनी शेत दिसतं ते आत्याचं. तिथे काय लावायचं हे तिला विचारायची अख्ख्या गावात कुणाची टाप नाही.

ती लावते जुनं तांबडं भात. बाकी सगळा गाव आता दुकानातून पिशवीतलं बी आणतो. ते बुटकं असतं, लवकर होतं, कापायला सोपं. आत्याचं भात उंच वाढतं, उशिरा होतं, जरा वारा सुटला की लोळण घेतं. काका त्याला आऊटडेटेड मॉडेल म्हणतात. पण गावात कुणाची लेक बाळंतपणाला आली की पेजेला तांदूळ मागायला लोक आत्याच्याच दारात येतात, आणि दसऱ्याला नवं बांधायला लोंब्याही तिच्याच शेतातल्या लागतात. नवं बांधायचं म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांबरोबर दारावर, देवापुढे, पाण्याच्या माठालासुद्धा बांधायच्या. पहिली जुडी ग्रामदेवीला जाते आणि ती आत्याच्या हातची. त्या एका सकाळी ती अशी चालते की सरपंचाने बाजूला व्हावं.

या भाताचं बी बाजारात मिळत नाही. पेरायचं, कापायचं, त्यातलं चांगलं निवडून पुढच्या वर्षाला ठेवायचं, एवढाच मार्ग. मी सांगते त्याच्या आदल्या वर्षी परतीच्या पावसाने निम्मं शेत आडवं करून कुजवलं होतं. जे हाताला लागलं ते सगळं आत्याने बी म्हणून ठेवलं आणि होतं नव्हतं ते सगळं पेरलं. घरात मूठभरसुद्धा मागे उरलं नव्हतं.

लावण्या आटपल्या आणि गावाला हायमास्ट दिवा मंजूर झाला. माहीत नसेल त्याच्यासाठी सांगते, हायमास्ट म्हणजे ताडासारखा उंच खांब आणि त्याच्या डोक्यावर गोल फिरवलेले दिवे. तो शहराच्या नाक्यावर शोभतो. आमच्याकडे तो गावाच्या तोंडाशी, आत्याच्या शेताच्या बांधापलीकडे उभा राहिला, कारण साहेबांची गाडी तिथपर्यंतच येऊ शकत होती. साहेब म्हणजे ज्यांच्या निधीतून दिवा आला ते. त्यांनी अंधाराविषयी फार वाईट बोलून बटण दाबलं. दिवसाढवळ्या दाबल्यामुळे दिवा लागला की नाही हे कुणाला नीट दिसलं नाही, तरी टाळ्या पडल्या. हे सगळं घडवून आणलं काकांनी. अर्ज, फोन, हेलपाटे, नारळ, सगळं त्यांचं.

खोटं कशाला बोलू, दिव्याची गरज होती. शेवटच्या एसटीने कॉलेजच्या मुली उतरायच्या तेव्हा त्यांच्या आया बॅटऱ्या घेऊन रस्त्यावर उभ्या असायच्या. ते थांबलं. आत्यासुद्धा पहिल्या दिवशी खूश होती. बसल्या जागेवरून ओटीवरचे तांदूळ निवडता येतात म्हणाली.

त्याच दिवशी जेवताना काकांनी मला विचारलं, पान अन्न बनवतं ते नक्की कशाने? आता हा माझा हातखंडा विषय. दरवर्षी मी वर्गात प्रकाशसंश्लेषण शिकवते. पानाच्या अर्ध्या भागावर काळा कागद लावते, कुंडी उन्हात ठेवते, मग ते पान स्पिरिटमध्ये उकळून त्यावर आयोडीन टाकते. जिथे ऊन लागलं तिथे पान काळंनिळं होतं, म्हणजे पिष्ट तयार झालं. कागदाखालचा भाग फिकट राहतो. दरवर्षी मुलं तोंडाचा आ करतात आणि दरवर्षी एकजण विचारतोच की बाई, मग हे पान खाल्लं तर पोट भरेल का.

मी काकांना सांगितलं की मुळं पाणी आणतात, पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि पानातलं हिरवं द्रव्य उन्हाच्या जोरावर त्यातून साखर करतं. रोपाचं सगळं अंग, दाणा, पेंढा, मुख्यतः याच हवापाण्यातून उभं राहतं. हे ऐकून आत्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. हवा खाऊन कोण जाडं होतं, आणि मग मी शेणखत काय शोभेला टाकते काय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, खत म्हणजे चिमूटभर मीठमसाला. ती म्हणाली, मीठमसाला डोक्यावर टोपल्या वाहून टाकून बघ एकदा.

काकांना मात्र सगळं लख्ख कळलं. त्यांच्या हिशेबी पान म्हणजे प्लांट, हिरवं द्रव्य म्हणजे ऑपरेटर, मुळं म्हणजे पाणी खातं, कच्चा माल हवेतून फुकट आणि ऊन म्हणजे पॉवर. संध्याकाळ झाली की पॉवर जाते आणि प्लांट बंद पडतो. हजारो वर्षं भात निम्मा दिवस बसून खातंय आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. आता पॉवर रात्रभर मिळणार. उत्पादन डबल.

मी हात जोडून सांगितलं की काका, उन्हापुढे तुमचा दिवा म्हणजे काहीच नाही. त्या उजेडात रोपाला एक शिंक येण्यापुरतीसुद्धा साखर बनणार नाही. आणि मग शिक्षकाला गप्प बसवत नाही ना, म्हणून पुढे हेही सांगितलं की साखर बनवण्याच्या कामाचे दोन टप्पे असतात, एकाला उजेड थेट लागतो, दुसऱ्याला थेट लागत नाही. आणि पहिल्या टप्प्यात पान उजेड पकडून जवळजवळ न सांडता आत कसा पोचवतं, हे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही अजून पुरतं उलगडलेलं नाही. काकांनी यातल्या दोनच गोष्टी उचलल्या. एक, पानात दोन पाळ्या असतात हे खुद्द शास्त्र सांगतं. दोन, शास्त्रज्ञांना काही कळत नाही. झालं. दुसऱ्या दिवशी देवळात भाताच्या रात्रपाळीवर त्यांचं व्याख्यान झालं, आणि माझ्या माहितीप्रमाणे माझ्या कुठल्याही तासाला मुलं इतकी शांत बसलेली नाहीत.

दिव्यामागोमाग फलक आला. साहेबांचा हसरा चेहरा, खाली कार्यकर्त्यांची छोटी छोटी तोंडं आणि त्या रांगेत काकाही. तो लोखंडी चौकटीवर ताणून थेट आत्याच्या बांधावर उभा केला, दिवा आणि शेत यांच्या मधोमध. तिला विचारलंसुद्धा नाही. तिने फलक लावणाऱ्या पोरांना दोन पिढ्यांपर्यंतच्या शिव्या दिल्या, पण काकांनी तिला पटवलं की यामुळे रस्त्यावरची गुरं आत शिरणार नाहीत. तरी रोज सकाळी ती शेतावर गेली की आधी त्या चेहऱ्याला काहीतरी बोलून घ्यायची आणि मग कामाला लागायची.

गणपतीत चाकरमानी आले आणि भाताची कीर्ती झाली. दिव्याखालचं आत्याचं शेत असं हिरवंगार, असं दाट, असं उंच झालं होतं की बाकीची शेतं त्यापुढे आजारी वाटावीत. लोक फोटो काढून घेत होते. एकाने व्हिडिओ टाकला, त्याखाली लिहिलं, कोकणातला चमत्कार. दोन गावांचे सरपंच येऊन पाहून गेले आणि आम्हालाही शेतात दिवा पाहिजे म्हणून साहेबांकडे गेले. काका प्रत्येकाला तोच पाढा म्हणून दाखवायचे, मध्येच माझं नाव घेऊन सांगायचे की पुतणी सायन्सची आहे, विचारा तिला. मी दर वेळी म्हणायची की दिव्याने काही फायदा होत नाही आणि तोटाही होत नाही. फायद्याचं ऐकायला कुणी तयार नव्हतं. तोट्याचं मी बोलले ते मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवलं, पुढे मला ऐकवायला.

भाद्रपद सरला तशी बाकीची शेतं भरली. काकांचं पिशवीतल्या बियाण्याचं भात तर पिवळं पडायला लागलं. आत्याचं हिरवंच. रोपाच्या पोटात लोंबी धरली की वरचं खोड फुगतं, त्याला आमच्याकडे पोटरी म्हणतात. नवरात्र बसलं तरी एका रोपाला पोटरी दिसत नव्हती. आत्या रोज घराकडच्या बांधावरची खोडं चाचपून बघायची. काका म्हणाले, प्लांट मोठा आहे, प्रॉडक्शनला वेळ लागणारच, आणि वर थोडा युरिया सुचवला. आत्याचं निदान निराळं होतं. एवढ्या लोकांनी फोटो काढले, दृष्ट लागली. तिने हायमास्टच्या खांबाला जुनी चप्पल, बिब्बा आणि काळं मडकं बांधलं. साहेबांच्या कार्यकर्त्यांना ते फार लागलं. त्यांनी ते सोडलं, तिने पुन्हा बांधलं. मी म्हटलं, आत्या, दृष्टबिष्ट काही नसतं. तर ती म्हणाली, मग काय हाय ते सांग.

दसऱ्याला मी सकाळीच गावी गेले. घराच्या दाराला आंब्याची पानं होती, लोंबी नव्हती. देवीची जुडी त्या वर्षी काकांच्या शेतातून गेली होती, आणि काकूंनी सांगितलं की देवळात कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं. आत्या घरात नव्हती. मी शेतावर गेले तेव्हा दिवस कलला होता. ती बांधावर पाय सोडून बसली होती आणि तिच्यासमोर ते आडदांड हिरवं शेत माजल्यासारखं उभं होतं. आत्याला रडताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही ती भांडीच घासत राहिली होती. त्या संध्याकाळी डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती पुसतही नव्हती.

"बाय, बी संपलं," ती म्हणाली. "माझ्या आयसनी दिलेलं. माझ्या हातनं संपलं."

तिला पोर नाही, घर भावाचं, नवऱ्याचा फोटोसुद्धा सासरी राहिलेला. स्वतःचं म्हणावं असं तिच्याकडे ते भात होतं आणि मी, वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली तिची भाची, तिला धीर द्यायला एक वाक्य शोधत होते. ते सापडेना म्हणून मी उठले आणि फलकाच्या मागे वळून बांधाबांधाने चालायला लागले. तिथे मला लोंबी दिसली.

एक नाही, पुष्कळ. फलकाच्या पायथ्यापासून निघून शेतात आत आत गेलेला एक पट्टा होता, आणि त्या पट्ट्यात भात निसवलं होतं. लोंब्या बाहेर पडलेल्या, काही अजून पोटरीत. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पुन्हा ते वांझोटं हिरवं. कड इतकी सरळ की कुणी दोरी धरून आखावी. रस्त्यावरून हे दिसणं शक्यच नव्हतं, फलक आडवा होता, आणि आत्या त्या चेहऱ्याच्या मागे मुद्दाम कधी जात नसे. मी तिला हाक मारली. ती आली, लोंबीला हात लावला, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या बघत राहिलो. असं का झालं हे काही कळेना. तेवढ्यात दिवेलागण झाली. हायमास्ट आपोआप पेटला, आणि फलकाची लांबलचक काळी सावली शेतावर पडली. ती बरोबर त्या पट्ट्यावर पडली, कडेला कड लावून.

मी तिथल्या तिथे माझ्या कॉलेजच्या जुन्या सरांना फोन लावला. ते आधी हसले, मग रागावले. अगं, तुला शिकवलं होतं की, म्हणाले. भात हे लहान दिवसाचं पीक. दाणा कधी धरायचा हे पान रात्रीच्या लांबीवरून ठरवतं. पावसाळा संपता संपता रात्री लांबतात, तेव्हा त्याला कळतं की वेळ झाली. नव्या बियाण्यांतला हा स्वभाव माणसाने बराच मारून टाकला आहे, जुन्यांत तो अजून जिवंत आहे. रात्रभर दिवा लावलात तर त्याला वाटणार, अजून मोठेच दिवस चालू आहेत, वाढत राहू. शिकवलं होतं हे खरं. परीक्षेत दोन मार्कांना आलं होतं, मी ते लिहून आले आणि विसरले.

म्हणजे तो दिवा रोपाचं पोट भरायला अगदीच अपुरा होता आणि त्याला फसवायला पुरेपूर होता. मी वर्गात एवढी वर्षं मुलांना दाखवत आले की काळ्या कागदाखाली पान उपाशी राहतं. इथे ज्याच्यावर काळोख पडला होता तेवढ्याचंच पोट भरलं होतं. जे पान दिवसभर उजेड खातं त्यालाच रात्री उजेडाचा त्रास व्हावा आणि दोन्हींतला फरक त्याला कळावा, हे मला त्या क्षणी इतकं अजब वाटलं की मी आत्याचा हात घट्ट धरला. आत्याला अजबबिजब काही वाटलं नाही. तिने एवढंच विचारलं की मग दिवा कसा बंद करायचा.

तोच तर प्रश्न होता. देवळात बैठक बसली. तरुण मंडळींचं व्हॉलीबॉल दिव्याखाली चालायचं. मुलींच्या आया म्हणाल्या की भातासाठी आमच्या पोरींनी अंधारात यायचं का, आणि त्यांचं मला पटलं. मी म्हटलं, शेवटची एसटी गेल्यावर तरी बंद करा. तेव्हा कळलं की तो बंद करताच येत नाही. पेटीला कुलूप, चावी ठेकेदाराकडे, ठेकेदार पनवेलला आणि त्याचा फोन लागत नाही. दिवा आपोआप लागतो, आपोआप विझतो. वीज गेली तरच अंधार, आणि आमच्या गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच त्या महिन्यात वीज एकदाही गेली नाही. काका तर उखडलेच. साहेबांनी दिलेला उजेड परत करायचा म्हणजे काय, बाहेर तोंड कसं दाखवायचं. ते बहिणीकडे न बघता बोलत होते. आत्या उठून घरी गेली आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

मग आली आचारसंहिता. निवडणूक जाहीर झाली आणि सगळे फलक उतरवायचा हुकूम निघाला. ग्रामसेवक माणसं घेऊन आत्याच्या बांधावर आला, तर आत्या विळा घेऊन चौकटीखाली बसलेली. ज्या चेहऱ्याला तिने रोज सकाळी शिव्या घातल्या, त्याला हात लावू देईना. मी तिला समजावलं की लोंब्या निसवल्यात, आता सावली गेली तरी बहुतेक बिघडणार नाही. तिने बहुतेक हा शब्द धरला. तुझं शास्त्र मागच्या टायमालाबी असंच बोललेलं, म्हणाली. काही लोंब्या अजून पोटरीत होत्या हेही खरं, तेव्हा मीही पदर खोचून तिच्या बाजूला बसले.

बातमी पसरली की आत्या साहेबांच्या पक्षात गेली. विरोधक घरी येऊन नाराजी व्यक्त करून गेले. साहेबांचे कार्यकर्ते शाल आणि नारळ घेऊन आले आणि एका वृद्ध मातेच्या निष्ठेचा तिथल्या तिथे सत्कार केला. ग्रामसेवक घामाघूम. शेवटी मी त्याला विचारलं की हरकत चेहऱ्याला आणि नावाला आहे की चौकटीला. त्याने हुकूम दोनदा वाचला आणि म्हणाला, चेहऱ्याला आणि नावाला. मग आत्याने घरातली रिकामी पोती आणली आणि चौकटीला पोती बांधून टाकली. पोती कमी पडली, साहेबांचे डोळे तेवढे उघडे राहिले, त्यांवर तिने सत्काराची शाल लावली. कायदा पाळला गेला, सावली राहिली.

पट्टा पिकला. आत्याने तेवढाच कापला, अंगणात हाताने झोडला आणि पाखडून बी वेगळं केलं. सूपभर निघालं. तांबूस, टपोरं. बाकी अख्खं शेत उभ्या उभ्या हिरवंच वाळलं आणि म्हशींपुढे गेलं. आत्याला हायसं वाटायला हवं होतं, पण तसं काही दिसेना. कारण तोवर निवडणूक उरकली होती. निकाल साहेबांच्या बाजूने लागला होता आणि खुशीत त्यांनी गावाला आणखी एक हायमास्ट दिला होता, या वेळी शेताच्या दुसऱ्या अंगाला. दोन बाजूंनी दिवे लागले की कसली सावली आणि कसला पट्टा.

मी सुट्टीला गेले तेव्हा तिने बी एका कापडी पिशवीत भरून शिवून टाकलं होतं. ती माझ्या मांडीवर ठेवली.

"तू घेऊन जा," म्हणाली. "कुठंतरी पेर. माझ्याकडं आता रात्र न्हाय."

मी तिसऱ्या मजल्यावर राहते. माझ्या गॅलरीसमोर पेट्रोल पंप आहे. त्याच्या उजेडात मी रात्री पेपर तपासू शकते. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, सगळ्यांचा, आणि नेमका कुणावर काढायचा ते कळेना. दिवा वाईट नव्हता. मुली सुखरूप घरी येत होत्या.

तेवढ्यात काका आले. बैठकीनंतर पहिल्यांदाच त्यांनी या ओटीवर पाय ठेवला. काकूंनी मला आधीच सांगितलं होतं की कारखान्यातल्या रात्रपाळीने त्यांची झोप खाल्लीच होती, आणि हा दिवा थेट खिडकीत येतो म्हणून त्यांनी गेल्या महिन्यात काचेला आतून काळा कागद चिकटवला आहे. गावाला सांगू नकोस, असंही काकूंना बजावलं आहे. काका खाली बसले नाहीत. पिशवीकडे बघत उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले की दिवा चांगलाच आहे, त्याबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये. मग त्यांनी चपलेने लादी नसलेल्या त्या अंगणाची माती जरा उकरली.

"आक्का, डोंगरामागं माझं एक खाचर हाय," ते म्हणाले. "पडीकच टाकलंय. तिकडं अजून दिवा पोचला न्हाय."

आत्याने माझ्या मांडीवरची पिशवी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"पोचवू नको," ती म्हणाली.